ड्रॉइंगवरील मशीनिंगच्या टिपा कशा वाचायच्या : पार्श्वभूमी

यंत्राच्या भागाच्या ड्रॉइंगवर (आराखड्यावर) लिहिलेल्या मशीनिंगच्या, म्हणजे मटेरियल कापून आकार देण्याच्या, टिपांवरून होणाऱ्या बहुतेक वादांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : ड्रॉइंगने कृती सांगायची की परिणाम? जुन्या ड्रॉइंगवर 'ड्रिल' (होल पाडणे), 'रीम' (पाडलेला होल रीमर या हत्याराने नेमक्या मापाला आणणे), 'बोअर' (एका धारेच्या हत्याराने होल मोठा करणे), 'ग्राइंड' (घासचाकाने घासणे) हे शब्द मापाला जोडूनच येत. आरेखक आणि कारागीर एकाच कारखान्यात असत, तोवर रीम म्हटल्यावर होल किती नेमका हवा हे दोघांनाही ठाऊक असे. काम बाहेर जाऊ लागल्यावर ही समजूत पुरेनाशी झाली.

अमेरिकेच्या ड्रॉइंगविषयीच्या १९८२ च्या मानकात याचे उत्तर स्पष्ट आहे : होलचा व्यास द्यावा, तो ड्रिलने, रीमरने की पंचाने करायचा हे लिहू नये. हा निर्णय आजही सर्वांना मान्य नाही. '१२ एच ७, रीम' ही टीप घ्या. एच ७ ही होलच्या मापाची ठरलेली सूट आहे; १२ मिलिमीटरच्या होलसाठी ती म्हणजे १२.००० ते १२.०१८ मिलिमीटर. होल बोअर करून १२.००९ ला आणला, तर माप बरोबर असूनही टिपेचा भंग झाला आणि भाग नाकारायला कारण मिळाले. उलट रीमर आधीच्या ड्रिल केलेल्या होलच्या मागोमाग जातो. तो होल जागेवरून सरकलेला असेल, तर रीमिंगने ती चूक सुधारत नाही, बोअरिंगने सुधारता येते. म्हणजे 'रीम' या शब्दावर विसंबणाऱ्याला होलच्या स्थानाची हमी कधीच नव्हती. ती स्थानाच्या टॉलरन्सनेच, म्हणजे जागा किती सरकलेली चालेल याच्या लिखित मर्यादेनेच मिळते. अनुभवी कारागिराला कृतीच्या शब्दातून आरेखकाचा हेतू कळत असे, हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि मानकानेही दार पूर्ण बंद केलेले नाही : कार्यासाठी प्रक्रिया अत्यावश्यक असेल तर ती लिहिता येते, आणि फिनिशिंगसाठी ठेवायच्या मटेरियलसारखी मापे 'बंधनकारक नाही' असा शेरा देऊन दाखवता येतात.

पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हे सांगणाऱ्या खुणेत तर प्रक्रियेला हक्काची जागा आहे. पूर्वीच्या एक ते चार त्रिकोणांच्या जागी बरोबरच्या खुणेसारखे चिन्ह आले. त्यावर आडवी रेघ असेल तर मटेरियल काढलेच पाहिजे, वर्तुळ असेल तर काढता कामा नये. आणि चिन्हाच्या लांबवलेल्या रेघेवर 'ग्राइंड' असे लिहिले असेल, तर ती अट असते, सूचना नव्हे.

खरी अडचण या खुणेतील आकड्याच्या अर्थाची आहे. 'आरए १.६' (आरए म्हणजे पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा, मायक्रोमीटरमध्ये) या कमाल मर्यादेसाठी जुन्या आंतरराष्ट्रीय नियमात मोजलेल्या मूल्यांपैकी १६ टक्क्यांपर्यंत मूल्ये मर्यादेबाहेर गेली तरी पृष्ठभाग स्वीकारला जाई. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात, ड्रॉइंगवर वेगळे काही लिहिले नसेल, तर एकही मूल्य बाहेर चालत नाही. त्यामुळे ड्रॉइंगच्या शीर्षक-चौकटीतील (माहितीच्या चौकटीतील) तारीख आणि मानकाचा क्रमांक पाहिल्याशिवाय तपासनिसाने त्या आकड्यावरून भाग स्वीकारू नये आणि नाकारूही नये.