एमसीबी पडत नाही, तरी मशीन बंद का पडतं?

मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. "अगं, भांड्यांचं मशीन परत मेलं. मधेच. पॅनेलवरचा एक दिवासुद्धा लागत नाही." दहा-पंधरा मिनिटांनी ते आपोआप सुरू झालं, उरलेलं काम करू लागलं आणि थोड्या वेळानं पुन्हा मेलं. आठवड्यातली ही तिसरी वेळ. पहिल्यांदा झालं तेव्हा गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं पुणेकरांच्या अंगवळणी पडलेलं, त्यामुळे काका म्हणाले, "लाइट गेली असेल." पण फ्रिज चालू होता, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि बोर्डातला एकही एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडलेला नव्हता.

मग सर्व्हिसचा माणूस आला. त्यानं सॉकेटमध्ये टेस्टर घातला, टेस्टर पेटला. "सप्लाय बरोबर आहे. मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलंय." साडेसात हजार. एका नातेवाइकांनी फोनवर वेगळंच निदान केलं: मशीन आग्नेयेच्या ड्राय बाल्कनीत आहे, तिथे पाणी आणि अग्नी एकत्र आलेत, तोंड फिरवून ठेवा.

मी धातुशास्त्र शिकले आहे, आणि दोन धातू एकमेकांना टेकतात तेव्हा नेमकं काय होतं हा माझा अत्यंत आवडीचा विषय आहे. म्हणून मी मावशीला दोनच प्रश्न विचारले. मशीन सुरू केल्यावर किती वेळानं मरतं? आणि तिथे कसला वास येतो का?

"पंधराएक मिनिटांनी. आणि वास म्हणशील तर मासळीचा येतो. मला वाटलं, खालच्या मजल्यावर मासे तळतायत."

इथे उत्तर जवळजवळ मिळालं होतं.

डिशवॉशर सुरू केल्यावर आधी पाणी भरून घेतो आणि पंपानं ते भांड्यांवर फवारतो. हा पंप शंभर वॅटच्या आतबाहेरचा, म्हणजे करंट अर्धा अँपिअरसुद्धा नाही. पाणी तापवायची वेळ येते तेव्हा हीटर सुरू होतो. तो साधारण 2000 वॅटचा. 2000 ला 230 व्होल्टनं भागलं की 8.7 अँपिअर. करंट एकदम वीसेक पट होतो. शाळेतला नियम आठवा: तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे हीटर लागला की वाटेतल्या प्रत्येक जोडात पूर्वीच्या चारशे-पाचशे पट उष्णता तयार होऊ लागते. वाटेतला एखादा जोड कमजोर असेल, तर तो पंप चालू असताना कुरकुरत नाही, हीटर लागल्यावर काही मिनिटांनी दगा देतो. मावशीला मी नुसत्या थंड पाण्यानं विसळायचा प्रोग्रॅम लावायला सांगितला. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बिनबोभाट चालला.

आता तो जोड. प्लगची पितळी पिन सॉकेटमधल्या पितळी पट्टीच्या चिमट्यात बसते. 16 अँपिअरच्या प्लगची फेजची आणि न्यूट्रलची पिन सुमारे 7 मिलिमीटर जाडीची असते, डोळ्यांना गुळगुळीत दिसते, आणि आपण समजतो की ती चिमट्याला चांगली अंगभर भिडली आहे. तशी ती भिडत नाही. नुकती टाकी लावलेले दोन पाटे एकमेकांवर पालथे ठेवले तर ते कुठे टेकतील? चार-दोन उंचवट्यांवर. बाकी सगळीकडे मधे हवा. धातूचा कितीही घासलेला पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर तसाच टाकी लावलेला असतो. पिन आणि पट्टी फक्त काही टोकांवर एकमेकींना शिवतात आणि सगळा करंट त्या टोकांमधून जातो.

ही टोकं किती मोठी असतात याचा हिशेब सोपा आहे. टेकलेली टोकं दाबानं चेपत जातात, आणि एकूण टेकलेलं क्षेत्रफळ इतकं झालं की धातूचा कठीणपणा तो दाब पेलू शकेल, तिथे थांबतात. म्हणजे खरं स्पर्शक्षेत्र म्हणजे दाबाचा जोर भागिले धातूचा कठीणपणा. चिमट्याचा जोर एक किलो वजनाइतका, सुमारे 10 न्यूटन धरू. पितळाचा कठीणपणा दर चौरस मिलिमीटरला ढोबळमानानं 1000 न्यूटन. उत्तर येतं 0.01 चौरस मिलिमीटर! सुईच्या टोकाएवढी जागा, आणि त्यातून अख्ख्या हीटरचा करंट. पिन जाड केली, पट्टी रुंद केली, तरी या हिशेबात फरक पडत नाही, कारण त्यात आकार कुठेच येत नाही. जोर येतो. चिमट्याची पकड हेच सॉकेटचं खरं भांडवल आहे.

राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञानं आपलं बरंचसं आयुष्य या टोकांच्या अभ्यासात घालवलं. रुंद धातूतून येणारा प्रवाह टोकाजवळ आक्रसतो, पलीकडे जाऊन पुन्हा पसरतो, आणि या आक्रसण्यालाच एक रोध असतो, हे त्यानं बारकाईनं मांडलं. धातू स्वच्छ असतील आणि पकड घट्ट असेल तर हा रोध एखाद्या मिलिओहमचा, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागाएवढा. त्याची काळजी करायचं कारण नाही.

यापुढचा भाग थोडा अवघड आहे, पण मला तो गाळवत नाही. टोक किती तापेल? आपल्याला वाटेल की ते करंट, टोकाचा आकार, धातू या सगळ्यांवर अवलंबून असेल. पण 1853 साली वीडेमान आणि फ्रांझ यांनी दाखवून दिलं होतं की जो धातू विजेचा चांगला वाहक तो उष्णतेचाही चांगला वाहक, आणि ठरावीक तापमानाला या दोन गुणांचं प्रमाण सगळ्या धातूंत जवळपास सारखंच असतं, कारण दोन्ही कामं तेच इलेक्ट्रॉन करतात. टोकात उष्णता तयार होते ती विजेमुळे, आणि बाहेर निसटते ती त्याच वाटेनं, त्याच इलेक्ट्रॉनांबरोबर. जोडावरचे व्होल्ट तेवढेच ठेवून टोक बारीक केलं तर करंट घटतो, म्हणून उष्णता कमी होते, आणि निसटायची वाटही त्याच प्रमाणात अरुंद होते. समीकरण मांडलं की आकार दोन्ही बाजूंनी उडून जातो आणि उरतं एकच: त्या जोडावर किती व्होल्ट खर्च होतात. तांब्याच्या स्वच्छ जोडावर 0.12 व्होल्ट पडले की टोकातलं तांबं मऊ पडू लागतं. 0.43 व्होल्ट पडले की ते वितळतं. तांबं वितळायला हजारावर अंश लागतात, आणि ते तापमान गाठायला 230 पैकी अर्धा व्होल्टही लागत नाही! 8.7 अँपिअरला 0.43 व्होल्ट पडायला रोध हवा ओहमचा विसावा भाग. पितळाचे आकडे थोडे वेगळे, गोष्ट तीच.

स्वच्छ जोड स्वतःला सावरतो. टोक मऊ झालं की चेपतं, चेपलं की रुंद होतं, रुंद झालं की रोध घटतो. घात होतो तो गंजानं. ड्राय बाल्कनीतली दमट हवा, साबणाच्या पाण्याचे शिंतोडे, आणि मुळात सैल पडलेला चिमटा. पितळ तापलं की त्यावर ऑक्साइडचा थर वेगानं चढतो. थर वाढला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. पितळी पट्टी दीर्घकाळ शंभर अंशांच्या पुढे राहिली तर तिची स्प्रिंग मरते, पकड आणखी सुटते. हे चक्र महिनोन्‌महिने चालतं, आणि एका संध्याकाळी तापून प्रसरण पावलेली पट्टी केसभर सरकते आणि स्पर्श तुटतो. मशीन मरतं. करंट थांबला की पट्टी निवते, आकसते, पुन्हा टेकते. मशीन जिवंत होतं. मावशीची दहा-पंधरा मिनिटं ती हीच.

मग एमसीबी काय करत होता? समजा त्या जोडाचा रोध 0.3 ओहमपर्यंत चढला. हीटरचा स्वतःचा रोध 26 ओहमच्या वर. त्यात 0.3 ची भर पडली म्हणजे करंट 8.7 वरून 8.6 झाला. वाढला नाही, कमी झाला! एमसीबी पडतो तो करंट मर्यादेबाहेर गेला तर. इथे 16 अँपिअरच्या एमसीबीतून निम्माच करंट जातोय. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल यांच्या करंटमधला फरक पाहतो, म्हणजे कुठून तरी जमिनीकडे गळती होते आहे का ते. इथे गळती नाही. दोघंही आपापल्या जागी अगदी बरोबर आहेत, आणि तिकडे त्या जोडात 22 वॅट जळत आहेत. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. ती सॉकेटच्या प्लॅस्टिकमध्ये खोचून पाऊण तास ठेवल्यासारखं हे आहे. मासळीसारखा वास येतो तो तापलेल्या प्लॅस्टिकचा. या रोगाचं इतकं ठळक लक्षण दुसरं नाही, आणि घरोघरी त्याचं खापर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकावर फुटतं. (मशीन बंद पडताना आरसीसीबी पडत असेल तर रोग वेगळा: बहुतेक वेळा हीटरच्या आत ओल शिरलेली असते. त्यावर जोड घट्ट करणं हा उपाय नव्हे.)

आणि टेस्टर पेटला होता, त्याचं काय? टेस्टरमधल्या निऑनच्या दिव्याला मिलिअँपिअरचाही काही अंशच पुरतो. मल्टिमीटर त्याहून कमी घेतो. त्याचा रोध साधारण 10 मेगाओहम, म्हणजे 230 व्होल्टला करंट 23 मायक्रोअँपिअर. एवढ्याशा करंटला 1000 ओहमचा सडका जोडसुद्धा 23 मिलिव्होल्टच खाईल, आणि मीटर खुशाल 230 दाखवेल. मुंगी ज्या फांदीवरून सहज जाते तिच्यावरून म्हैस जाईल असं म्हणण्यासारखं आहे हे. शिवाय टेस्टर फक्त फेज बघतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो पेटतोच. "टेस्टर लागतोय, म्हणजे सप्लाय आहे" हे वाक्य आपल्याकडे इतकं पक्कं बसलं आहे की त्यापायी किती चांगली कार्डं बदलली गेली असतील, या विचारानं मला खरंच वाईट वाटतं.

याच जोडातून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. प्लग उपसून पुन्हा खोचला की पिन चिमट्यावर घासते, ऑक्साइडचा थर खरवडला जातो, आणि जोड काही दिवस ठीक चालतो. म्हणून मशीनचं तोंड आग्नेयेकडून फिरवलं तर ते आठवडाभर खरंच चालेल, कारण फिरवताना प्लग काढावा लागतो. नारळ फोडून प्लग पुन्हा लावला तरी चालेल. साडेसात हजारांचं कार्ड बदललं तरी चालेल. उपाय लागू पडला असं वाटतं, कारण मधे प्लग निघालेला असतो. पाणी आणि अग्नी एकत्र आल्यानं यंत्रं बिघडत असती तर गीझर आणि कुकर एक दिवस चालले नसते. वास्तूच्या नावानं मशीन हलवून आठवडा मिळतो, तेवढ्यात इकडे चिमटा आणखी सैल होत असतो. त्यातला धोका आगीचा आहे.

सैल जोडानं विज्ञानाला दिलंही खूप, हे सांगायला हवं. जुन्या काळ्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये, बोलायच्या टोकाला, कार्बनचे दाणे असायचे. आवाजाच्या दाबानं ते एकमेकांवर कमी-जास्त दाबले जायचे, रोध बदलायचा आणि तारेतून बोलणं जायचं. रेडिओलहरी पकडायला सुरुवातीच्या काळात कोहिअरर वापरत, तोही धातूंचा अर्धवट स्पर्शच. जगदीशचंद्र बोस यांनी 1899 मध्ये लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शाचा कोहिअरर मांडला तो त्याच परंपरेतला.

मावशीकडे दुसऱ्या दिवशी वायरमनला घेऊन गेले. मेन बंद करून त्यानं सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या घराभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं, आतली पट्टी निळसर-काळी, आणि बोटानं दाबली तर दबलेलीच राहिली. मागचा स्क्रूही अर्धा आटा ढिला. पिनेवर भिंगातून पाहिलं तर खसखशीच्या दाण्याएवढा एक खळगा, कडा वितळून गोल झालेल्या.

तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून चांगल्या पकडीचं 16 अँपिअरचं सॉकेट आणलं. जळका भाग कापून तारेला नवं ताजं टोक काढलं, त्याला थिंबल (तारेच्या टोकावरचं धातूचं टोपण) दाबून बसवलं आणि स्क्रू नीट आवळला. प्लगही बदलला, कारण खळगा पडलेली पिन नव्या चिमट्यालाही बिघडवते. जुन्या सोसायट्यांत कुठे कुठे ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. तिथे हा प्रकार लवकर होतो, कारण ॲल्युमिनियमचा ऑक्साइड वीज वाहतच नाही आणि स्क्रूखाली तो धातू हळूहळू पसरून सैल होतो. 16 चा प्लग 6 च्या सॉकेटात बसवणारे ॲडॉप्टर आणि मल्टिप्लग हीटर असलेल्या यंत्राला लावूच नयेत. सॉकेट उघडायचं काम वायरमनचं. घरच्यांनी करण्यासारखी तपासणी इतकीच: हीटर अर्धा तास चालल्यावर स्विच बंद करायचा, प्लगचं प्लॅस्टिक धरून तो बाहेर काढायचा आणि पिनांजवळ हाताची मागची बाजू न्यायची. कोमट असेल तर ठीक. चटका जाणवेल इतकी धग असेल तर तो पॉइंट त्या दिवसापासून वापरायचा नाही.

गरम पाण्याचा पूर्ण प्रोग्रॅम लावून आम्ही समोर बसलो. चाळीस मिनिटांनी मी प्लग काढून पिनांजवळ हात नेला. जेमतेम कोमट. मावशीनंही नेऊन पाहिला, आणि काही न बोलता स्टूल उचलून बाथरूमकडे गेली. काका सकाळी आंघोळ करून गेले होते, पण गीझरचा स्विच तसाच चालू होता. तो बंद करून तिनं प्लग काढला आणि मला हाक मारली. तीन पिनांपैकी एक, एका बाजूनं, तपकिरी झाली होती.