लेसर वितळजोडकाम व कर्तन, फिरते (जहाजबांधणी)

जहाजबांधणीच्या किंवा दुरुस्तीच्या गोदीत लेसर उपकरण कामाच्या जागी नेऊन पोलादी पत्रे जोडण्याची व कापण्याची पद्धत. कारखान्यातील स्थिर यंत्राकडे पत्रा आणावा लागतो. येथे पत्रा जागेवर राहतो आणि किरण त्याच्याकडे जातो. लेसर-उद्गम पेटीत बाजूला ठेवून प्रकाशतंतूमधून किरण हातातील टोकापर्यंत किंवा पत्र्यावर चालणाऱ्या छोट्या गाडीपर्यंत आणतात. नेहमीच्या विद्युत् प्रज्योत (आर्क) वेल्डिंगपेक्षा सांध्यात उष्णता बरीच कमी शिरते, म्हणून पत्रा कमी वाकतो. प्रवासी जहाजांचे पातळ डेक ज्योतीने तापवून व पाण्याने निववून पुन्हा सपाट करण्यात गोदीचे पुष्कळ मनुष्यतास जातात. या पद्धतीचे खरे आकर्षण तेथे आहे.

उगमाविषयी एकमत नाही. ऑक्सिजनच्या झोतासह लेसर कर्तन प्रथम 1967 मध्ये इंग्लंडमधील वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी केले, हे सामान्यतः मान्य आहे. त्यांनी सु. 300 वॉट शक्तीच्या कार्बन डाय-ऑक्साइड लेसरने 1 मिमी. जाडीचे पोलाद कापले. (हा लेसर 1964 मध्ये बेल प्रयोगशाळेत सिद्ध करणारे सी. कुमार एन. पटेल मूळचे बारामतीचे व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर.) जहाजबांधणीतील पहिल्या वापराचा मान काही लेखक हँबर्गच्या ब्लोम उंट फॉस गोदीला देतात. तेथे 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात लेसर बसला. अमेरिकी नौदलाच्या पोकळ गाभ्याच्या लेसर-जोड पॅनेलांचे प्रयोगही साधारण याच सुमाराचे आहेत. काही जण मात्र जर्मनीतील पापेनबुर्ग येथील मायर वेर्फ्ट या गोदीपासून आरंभ धरतात. तेथे 1990 च्या दशकाच्या मध्यापासून दुपदरी पॅनेले व सु. 2000 नंतर 20 मी. लांबीचे सांधे लेसर-प्रज्योत संकर पद्धतीने (लेसर व विद्युत् प्रज्योत एकाच सांध्यावर एकत्र वापरून) नित्य जोडले जाऊ लागले. नित्य उत्पादन ही कसोटी लावली, तर हे शेवटचे मत अधिक ग्राह्य वाटते. संकर पद्धतीची मूळ कल्पना मात्र जुनी आहे : लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डब्ल्यू. एम. स्टीन यांनी ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस मांडली.

वरील सर्व यंत्रे स्थिर होती. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर असते. हा प्रकाश काचेच्या तंतूत शोषला जातो, म्हणून तो आरशांनीच वळवावा लागतो. क्रेनच्या हादऱ्यांत, ओल्या डेकवर आरसे अचूक रांगेत राखणे कठीण असते. नीओडिमियम-याग हा स्फटिक लेसर (1.06 मायक्रोमीटर) व नंतर काचेच्या तंतूतच किरण निर्माण करणारा यिटर्बियमयुक्त तंतू लेसर (सु. 1.07 मायक्रोमीटर) यांचा प्रकाश तंतूतून सहज वाहतो. फिरते उपकरण शक्य झाले ते यामुळे. केवळ शक्ती वाढून ते झाले नसते. यूरोपीय संघाच्या मदतीने 2002 च्या सुमारास हाती घेतलेल्या डॉकलेसर प्रकल्पात याच प्रकारच्या लेसरांवर हातातील व गाडीवरील उपकरणांची चाचणी झाली.

तरीही खरी अडचण पत्र्यांच्या फटीची आहे. किरणाचा झोत केंद्रस्थानी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. केवळ लेसरने जोडायचे तर फट पत्र्याच्या जाडीच्या सु. एक-दशांशाहून जास्त चालत नाही. गोदीत जहाजाचे दोन मोठे खंड क्रेनने समोरासमोर आणल्यावर सांध्याची फट वीतभर अंतरातही कमीजास्त होते. संकर पद्धतीत प्रज्योतीच्या तारेचा वितळलेला धातू ती भरतो, म्हणून 1 मिमी.पर्यंतची फट निभावते. दुसरी अडचण पत्र्याला गंजू नये म्हणून आधीच दिलेल्या जस्तयुक्त रंगाच्या थराची (प्रायमर). जस्त 907° से. ला उकळते, टी-सांध्यात दोन पत्र्यांमध्ये अडकलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट नसते व वितळलेल्या धातूत छिद्रे राहतात. त्यामुळे कडेचा रंग आधी घासून काढतात किंवा बारीक फट मुद्दाम ठेवतात. सांधा झपाट्याने थंड होत असल्याने कठीण व ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून पोलादातील कार्बनाचे प्रमाण कमी ठेवावे लागते.

सुरक्षेचा प्रश्न तंतूमुळेच वाढला. 10.6 मायक्रोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पारदर्शक पटलावरच थांबतो व साध्या ॲक्रिलिकच्या पडद्यानेही अडतो. 1 मायक्रोमीटरचा प्रकाश अदृश्य असूनही भिंग ओलांडून दृष्टिपटलावर केंद्रित होतो, शिवाय चकचकीत पत्र्यावरून परावर्तित होऊन दूर जातो. चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गाच्या अशा लेसरसाठी कारखान्यात बंद खोली बांधता येते. उघड्या डेकवर, जेथे शेजारी रंगारी व विजेचे कामगार वावरतात, तेथे ती बांधता येत नाही. म्हणून चालत्या गाडीभोवती पत्र्याला टेकणारी प्रकाशरोधी झालर लावतात व टोक पत्र्यापासून उचलले की किरण आपोआप बंद होईल अशी योजना करतात.

दुरुस्तीकामात या पद्धतीचा वापर मर्यादित आहे. गंजलेल्या जुन्या पत्र्याची जाडी असमान असते, त्यावर रंगाचे थर व तेल असते. कापण्यासाठी वायुज्योत व प्लाझ्मा (विजेने अतितप्त केलेल्या वायूचा झोत) अजूनही स्वस्त पडतात. रंग व गंज काढण्यासाठी स्पंद लेसर (थांबून थांबून क्षणिक झोत टाकणारा) वापरतात. साधारण 2020 पासून बाजारात आलेली 1.5 ते 2 किवॉ. शक्तीची हातातील तंतू लेसर उपकरणे नळकाम व पातळ स्टेनलेस पत्र्यासाठी उपयुक्त आहेत. जहाजाच्या कवचाच्या भारवाही सांध्यांसाठी वर्गीकरण संस्थेची (जहाजांची मानके ठरवून ती तपासणाऱ्या संस्थेची) मान्यता लागते. कार्बन डाय-ऑक्साइड लेसर वेल्डिंगसंबंधीची यूरोपीय वर्गीकरण संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धातील असून संकर पद्धतीचे नियम त्यानंतरचे आहेत. मान्यता उपकरणाला नव्हे, तर ठरावीक पोलाद, जाडी व सांध्याचा प्रकार यांसाठी आखलेल्या कार्यपद्धतीला मिळते. त्यामुळे जाडी किंवा सांध्याचा प्रकार ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की नमुनासांधे करून चाचण्या पुन्हा द्याव्या लागतात.