बिनवापराच्या ऑडिओ फायलींची सफाई (संगीत ध्वनिमुद्रण)

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये साचत गेलेल्या, पण गाण्याच्या सध्याच्या मांडणीत कुठेच न वाजणाऱ्या ऑडिओ फायली शोधून हटवणे किंवा बाजूला काढणे म्हणजे ही सफाई. काम कारकुनी वाटते. पण ध्वनिमुद्रणात परत न सुधारता येणारी चूक करण्याच्या ज्या मोजक्या जागा आहेत, त्यांपैकी ही एक.

फायली साचतात त्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर संपादनाच्या पद्धतीमुळे. टेपच्या काळात नको असलेला तुकडा ब्लेडने कापला की तो हातात यायचा आणि टेप तेवढी आखूड व्हायची. संगणकावरच्या संपादनात तसे होत नाही. टाइमलाइनवर दिसणारी क्लिप ही फक्त एक सूचना असते: ‘अमुक फायलीतला इथपासून इथपर्यंतचा भाग या जागी वाजव.’ क्लिप कापली, सरकवली, अगदी पुसून टाकली, तरी डिस्कवरची मूळ फाइल जशीच्या तशी राहते. म्हणून तर अन्डू करता येते. फसलेला टेक (एका दमात केलेले एक मुद्रण), मध्येच थांबवलेले पंच-इन (तेवढाच भाग पुन्हा मुद्रित करणे), चुकून चालू राहिलेला माइक या सगळ्यांच्या फायली त्यामुळे मागे उरतात.

जागा किती अडते ते पाहू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ दराने एका मोनो (एकाच वाहिनीच्या) ट्रॅकचे एक मिनिट ८.६४ मेगाबाइट घेते. ड्रमला १२ माइक, गाणे ५ मिनिटांचे आणि टेक १० असतील, तर एकट्या ड्रमचेच सुमारे ५.२ गिगाबाइट होतात. शेवटी एकच टेक ठेवला, तर त्यातले ४.६ गिगाबाइटहून अधिक नुसते पडून असतात. मात्र दहाही टेकमधले थोडेथोडे भाग जोडून एक टेक तयार केला, म्हणजे कॉम्पिंग केले, तर सफाईने काहीच सुटत नाही. पाच मिनिटांच्या फायलीतले दोन सेकंद वाजत असले, तरी प्रोग्रामच्या लेखी ती अख्खी फाइल ‘वापरातली’ असते.

त्यावर उपाय म्हणून काही प्रोग्राममध्ये फायलींचे न वाजणारे भाग छाटून टाकायची सोय असते. प्रो टूल्समध्ये तिला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. छाटताना दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा राखतात. ती कंजूषपणे राखली, की पुढे मिक्स करताना गायिकेने शब्दाआधी घेतलेला श्वास परत हवा असतो आणि तो फायलीतूनच गेलेला असतो. डिस्क स्वस्त झाल्या आहेत. या छाटणीच्या वाटेला न गेलेले बरे.

सफाईच्या आज्ञा प्रोग्रामगणिक वेगळ्या आहेत. प्रो टूल्समध्ये न वापरलेल्या क्लिप निवडून ‘क्लिअर’ केले की ‘रिमूव्ह’ आणि ‘डिलीट’ असे पर्याय समोर येतात. पहिला फक्त सेशनच्या (म्हणजे प्रोजेक्टच्या) यादीतून नाव काढतो, दुसरा डिस्कवरची फाइल उडवतो. क्यूबेसमध्ये अशा फायली आधी ‘पूल’मधल्या (प्रोजेक्टच्या फायलींच्या यादीतल्या) कचरापेटीत टाकता येतात आणि पेटी रिकामी केल्यावरच डिस्कवरून जातात. आर्डर हा प्रोग्राम अशा फायली सेशनमधल्याच ‘डेड’ नावाच्या फोल्डरात हलवतो. कायमच्या काढण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. हे दोन टप्पे त्रासाचे वाटतात, पण शहाणपणाचे आहेत. ऑडॅसिटीचे मात्र निराळे: २०२१ मधल्या ३.० आवृत्तीपासून अख्खा प्रोजेक्ट एकाच फायलीत राहतो, त्यामुळे हाताने वेचून काढण्यासारखे सुटे तुकडे फोल्डरात नसतातच.

खरा धोका ‘बिनवापराची’ या शब्दात आहे. उघडलेल्या प्रोजेक्टमध्ये जिचा उल्लेख नाही ती फाइल बिनवापराची, एवढाच अर्थ प्रोग्राम धरू शकतो. पण ‘सेव्ह ॲज’ करून एकाच गाण्याच्या तीन आवृत्त्या केल्या असतील, तर तिन्ही बहुधा एकाच ऑडिओ फोल्डरवर चालतात. तिसरी उघडून सफाई केली आणि पहिलीला लागणारी गिटार गेली, हा यातला नेहमीचा अपघात. पहिली आवृत्ती पुढे कधीतरी उघडेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून अनुभवी मंडळी उलट्या बाजूने सुरुवात करतात: टाकायचे काय ते न शोधता, न्यायचे काय ते उचलतात. प्रो टूल्समधले ‘सेव्ह कॉपी इन’, नव्या जागी ‘सेव्ह ॲज’ केल्यावर एबलटन लाइव्हमधले ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ किंवा क्यूबेसमधले ‘बॅकअप प्रोजेक्ट’ वापरून गाणे लागणाऱ्या फायलींसह नव्या फोल्डरात नेता येते. काही ठिकाणी बिनवापराच्या फायली सोबत घ्यायच्या की नाहीत, हेही विचारले जाते. नवी प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची, आणि जुने फोल्डर बॅकअप डिस्कवर गेल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

हाताने सफाई करायची वेळ आलीच, तर सगळा भार फायलींच्या नावांवर येतो. बऱ्याच प्रोग्राममध्ये फायलीला ट्रॅकचे नाव मिळते. रेकॉर्डचे बटण दाबण्याआधी ट्रॅकला ‘गायन’ असे नाव दिले असेल, तर ‘गायन_०३’ सापडते. नाहीतर ‘ऑडिओ १_०७’ सारख्या चाळीस फायली एकेक वाजवून पाहाव्या लागतात. रीपर या प्रोग्रामच्या ‘रीपीक्स’सारख्या फायली मात्र बेलाशक काढाव्यात. त्यांत फक्त वेव्हफॉर्मचे (ध्वनिलहरीचे) चित्र साठवलेले असते आणि प्रोजेक्ट उघडला की ते पुन्हा तयार होते.