शीर न सापडणे (सलाईन लावण्यातील अडचणी)

शिरेवाटे द्रव, औषध किंवा रक्त देण्यासाठी बहुधा हातावरच्या नीलेत प्लास्टिकची बारीक नळी बसवतात; वॉर्डात तिला इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन म्हणतात. नीला दिसत नाही, बोटाला लागत नाही किंवा सुई शिरताच फुटते, तेव्हा ‘शीर सापडत नाही’ असे म्हटले जाते. सलाईनची निकड जितकी मोठी, तितकी शीर दुर्मिळ, हा या कामातला पेच आहे. जुलाब किंवा रक्तस्रावाने शरीरातला द्रव घटला की त्वचेकडचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि नीला चपट्या होतात. नेमकी तेव्हाच जाड नळी हवी असते, कारण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळापट घटतो. हिरवी नळी (18 गेज) बसेना म्हणून तिच्याहून बारीक निळीवर (22 गेज; आकडा मोठा तितकी नळी बारीक) भागवले, तर द्रव हवा त्या वेगाने जात नाही.

गुबगुबीत बाळांच्या आणि स्थूल व्यक्तींच्या नीला खोल दडलेल्या असतात. वृद्धांच्या ठसठशीत दिसतात, पण फसव्या. सुईखालून निसटतात किंवा फुटतात. केमोथेरपीने नीला कडक होतात. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना वरचेवर भरती व्हावे लागते, त्यामुळे चांगल्या जागा संपत जातात. डायलिसिसच्या फिस्टुलाचा (धमनी व नीला शस्त्रक्रियेने जोडलेला) हात टोचायचाच नसतो.

पट्टा बांधणे, हात खाली लोंबता ठेवणे, शेकणे हे पहिले उपाय. कोणती शीर लागते हे जुन्या रुग्णाला पक्के ठाऊक असते. त्याला विचारायचे मात्र राहून जाते. दोनदा हुकल्यावर सुई दुसऱ्या अनुभवी हाताकडे द्यावी, असा संकेत आहे. तो मानापमानाचा विषय होऊ नये, कारण फुटलेल्या शिरेत त्याच जागेच्या खाली पुन्हा नळी घातली तर द्रव वरच्या छिद्रातून झिरपू शकतो. रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन किंवा कर्करोगावरचे डॉक्सोरुबिसिन असे झिरपले, तर नुसती सूज येऊन भागत नाही. तिथली त्वचा मरू शकते.

खोल नीलांसाठी सोनोग्राफी उपयोगी पडते. इन्फ्रारेड यंत्र उथळ नीलाच दाखवते. जीव धोक्यात असताना गुडघ्याखालच्या हाडाच्या पोकळीत सुई घालतात किंवा मानेतून सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या नीलेपर्यंत जाणारी नळी) टाकतात. रुग्ण पिऊ शकत असेल तर जुलाबात बहुतेकदा शिरेची गरजच पडत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ व सोड्याचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आले.