लांबलांबच्या पाणवठ्यांवर पक्षी एकाच वर्षी का घटतात?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडजवळचं नांदूरमध्यमेश्वर आणि पैठणचं जायकवाडी ही दोन्ही गोदावरीवरची पाणथळं, मध्ये शंभरेक किलोमीटरचं अंतर. समजा, एखाद्या हिवाळ्यात निफाडकडे थापट्या आणि तलवार बदकं कमी दिसली आणि पैठणकडूनही तीच बातमी आली. पहिला संशय शिकारीवर किंवा शेतातून वाहून येणाऱ्या औषधांवर जातो, आणि कधीकधी तो खराही असतो. पण दूरदूरच्या ठिकाणी प्राण्यांची संख्या जोडीनं वर-खाली होणं निसर्गात इतकं सर्रास आहे की आधी बाकीची कारणं तपासलेली बरी.

याचा माग प्रथम लागला कॅनडात. हडसन्स बे कंपनी कातड्यांचा व्यापार करायची. लिंक्स नावाच्या रानमांजराची किती कातडी आली, याच्या वर्षावर्षाच्या नोंदी तिच्या वह्यांत होत्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी त्या चाळल्या. दर दहाएक वर्षांनी आकडा चढत होता आणि कोसळत होता, आणि तोही हजारो किलोमीटर पसरलेल्या मुलखात जवळपास एकदमच. १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक मोरान यांनी त्यामागचं गणित मांडलं. दोन ठिकाणी संख्यावाढीचा नियम सारखा असेल, म्हणजे गर्दी झाली की वाढ सारख्याच प्रमाणात मंदावत असेल, तर दोन्हीकडच्या हवामानाचा जितका सहसंबंध, तितकाच संख्येचाही. (सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जोडीनं वर-खाली होतात याचं माप: ० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे अगदी जोडीनं.) हवामानाचा ०.६ तर संख्येचा ०.६. एकाही जनावरानं इकडून तिकडे जायची गरज नाही.

प्रत्यक्षात हा हिशेब इतका सरळ उतरत नाही. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवर रानटी झालेल्या मेंढ्या आहेत. हर्टा आणि बोरेरे या दोन बेटांमधला समुद्र त्या ओलांडू शकत नाहीत, तरी त्यांची संख्या जोडीनं हलते. सहसंबंध साधारण ०.७. मात्र तेवढा यायला दोन्ही बेटांवरच्या हवामानाचा सहसंबंध ०.९ च्या आसपास लागतो, असं अभ्यासकांना आढळलं. कारण कळप लहान असताना वादळी मार्च आला तरी फारसं बिघडत नाही; कळप फुगलेला असताना तोच मार्च शेकडो मेंढ्या मारतो. म्हणजे धक्का सारखा असला तरी तो बसतो कसा, हे त्या वेळच्या गर्दीवर ठरतं.

आपल्याकडे हा धक्का म्हणजे मुख्यतः पाऊस. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, येवल्यात जेमतेम पाचशेच्या आसपास; पण मान्सूनचा मोठा खंड पडला की झळ दोघांनाही लागते. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तूट ३६ टक्के. एवढी मोठी तूट तालुक्याच्या हद्दी पाहत नाही.

पाणपक्ष्यांच्या बाबतीत मात्र हाच पाऊस चकवतो. भरपूर पावसाच्या वर्षी सिन्नर, नांदगावकडचे पाझर तलाव भरलेले असतात, बदकं त्यांवर पांगतात आणि नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरची मोजणी खाली येते. पक्षी घटलेले नसतात, विखुरलेले असतात. शिवाय वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की काठचा चिखल बुडतो. टिलवे, तुतारी अशा चिखलात चोच खुपसणाऱ्यांना जागा उरत नाही, आणि पोहणाऱ्या बदकांना तितका फरक पडत नाही. म्हणून नोंदवहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहिलेली नसेल, तर तो आकडा अर्धवट समजावा.

काही वेळा कारण इथलं नसतंच. छोटा टिलवा आर्क्टिकमध्ये अंडी घालतो. तिथले लेमिंग हे उंदरासारखे प्राणी दर तीन-चार वर्षांनी उदंड होतात, मग पडतात. ते पडले की कोल्हे पक्ष्यांच्या घरट्यांकडे वळतात आणि त्या साली पिल्लं फार थोडी जगतात. पुढच्या हिवाळ्यात ती उणीव इथल्या सगळ्याच तळ्यांवर दिसू शकते. निफाडात कितीही बारकाईनं शोधलं तरी तिचं कारण सापडणार नाही.

स्थलांतरानंही संख्या जुळते. उसाच्या पट्ट्यातून नदीकाठानं सरकणारे तरुण बिबटे दाटीच्या जागेतून मोकळ्या जागेत जातात, त्यामुळे शेजारशेजारच्या भागांतला फरक पुसट होतो. पण हे जवळच्या अंतरावर चालतं. अंतर वाढलं तरी जुळणी टिकून असेल, तर संशय हवामानावर घ्यावा.

जुळणी तपासायची असेल तर दोन्ही ठिकाणचे एकाच आठवड्यातले आकडे घ्यावेत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, तिचा इथे उपयोग होतो. मग नुसते आकडे न लावता बदल लावायचा: यंदाचा आकडा भागिले गेल्या वर्षीचा, आणि त्याचा लॉग (लॉगॅरिदम). ४० चे ८० आणि ४०० चे ८०० हा सारखाच बदल. मूळ आकडे लावले तर घोटाळा होतो. जलपर्णीमुळे एक तळं आणि अतिक्रमणामुळे दुसरं, अशी दोन्ही हळूहळू ओसरत असतील, तरी सहसंबंध झकास येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून आधी सगळ्या आकड्यांत १ मिळवतात. पाचच बदल हाताशी असतील तर सहसंबंध ०.८८ च्या वर जाईपर्यंत तो योगायोग नाही असं म्हणता येत नाही. दहा वर्षांच्या नोंदींतून नऊ बदल मिळाले की ही मर्यादा ०.६७ वर येते. मध्येच कुणी नवी दुर्बीण आणून जास्त पक्षी मोजू लागलं, तर तेही नोंदवावं.

ही जुळणी सर्वांत महाग पडते ती इथेच राहणाऱ्या प्राण्यांना. येवल्याच्या ममदापूरची काळविटं आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या रेहेकुरीची काळविटं, दोन्ही पर्जन्यछायेत. उदाहरणापुरतं धरू की कळप नाहीसा होण्याची शक्यता प्रत्येक ठिकाणी वर्षाला दहात एक आहे. दोन्हीकडची संकटं स्वतंत्र असतील तर दोन्ही कळप एकाच वर्षी जाण्याची शक्यता शंभरात एक. संकटं पूर्ण जोडीनं येत असतील तर थेट दहात एक. उन्हाळ्यात टँकरनं पाणवठे भरले तर पाण्याची तंगी या हिशेबातून निघते. गवताची तंगी मात्र दोन्हीकडे एकाच वर्षी येत राहते.