कसबी आणि कसबीण

‘कसबी कारागीर’ म्हटलं की हातात कला असलेला, कामात मुरलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याच शब्दाचं स्त्रीलिंगी रूप केलं, ‘कसबीण’ म्हटलं, की अर्थ थेट वेश्येवर जातो. मूळ अरबी शब्द ‘कस्ब’. त्याचा अर्थ कमाई, मिळकत. मराठीत त्याचं ‘कसब’ झालं आणि त्याला कौशल्याचा अर्थ आला. (कसबा पेठेतला ‘कसबा’ मात्र वेगळ्या अरबी धातूचा, त्याचं याच्याशी नातं नाही.) व्युत्पत्तीनं पाहिलं तर कसबीण म्हणजे काहीतरी उद्योग करून कमावणारी बाई. शरीराचा त्यात उल्लेखही नाही.

शब्दाचा अर्थ असा खालावण्याला भाषाशास्त्रात ‘अर्थापकर्ष’ म्हणतात. उघड बोलायची लाज वाटते तिथे लोक आडून बोलणारा सभ्य शब्द वापरतात. पुढची पिढी तो शब्द त्याच प्रसंगांत ऐकते, म्हणून तिच्या लेखी आडचा अर्थच मुख्य होतो. मग दुसरा परिणाम सुरू होतो: गैरसमज होईल या भीतीनं लोक तो शब्द मूळ अर्थानं वापरायचंच सोडून देतात. आज विणकामात निष्णात असलेल्या बाईला कोणी कसबीण म्हणणार नाही. वाईट अर्थ चांगल्या अर्थाला असा हुसकावून लावतो.

पण हे ‘कसबी’च्या बाबतीत का झालं नाही? ‘नायक’ पुढारी राहिला, ‘नायकीण’ मात्र नाचगाण्यावर जगणारी, कोणाची तरी ठेवलेली बाई झाली. ‘कलावंत’ मानाचा, ‘कलावंतीण’ मानाची नाही. ‘रांड’ हा शब्द तर मला सगळ्यात क्रूर वाटतो. संस्कृत ‘रण्डा’ म्हणजे विधवा. मराठीतल्या ‘रंडकी’त तो अर्थ अजून शिल्लक आहे. नवरा मेला एवढ्यावरून समाजानं बाईकडे संशयानं पाहिलं आणि तो संशय शब्दात मुरला. बायको गेलेला ‘रंडका’ मात्र कोणाच्या चारित्र्यावरची शिवी झाला नाही. मुरिएल शुल्झ या अभ्यासिकेनं १९७५ साली इंग्रजीबद्दल हेच दाखवलं. स्त्रियांना लैंगिक अंगानं हिणवणारे सुमारे १००० शब्द आणि वाक्प्रचार तिला सापडले, आणि त्यांतले कितीतरी मुळात निरुपद्रवी होते. दोष शब्दाच्या घडणीत नसतो, बोलणाऱ्यांच्या नजरेत असतो, हे जोड्या शेजारी ठेवल्या की स्वच्छ दिसतं.

‘वेश्या’चा माग ‘विश्’ म्हणजे प्रवेश करणे या धातूपर्यंत जातो. ‘वेश’ म्हणजे घर, आणि पुढे विशिष्ट वस्तीतलं घर. ‘गणिका’ तर राज्यव्यवस्थेतला शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकाध्यक्षावर, म्हणजे गणिकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यावर, स्वतंत्र अध्याय आहे, गणिकेसाठी १००० पणांची (पण हे तेव्हाचं नाणं) तरतूद आहे आणि तिच्यावर जबरदस्ती करणाऱ्याला दंडही.

‘सेक्स वर्कर’ हा शब्द मात्र या व्यवसायात असलेल्या बाईनंच दिला. अमेरिकेतल्या कॅरोल ली यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस, एका परिषदेत बायकांचा ‘वापर’ होतो अशी भाषा ऐकली आणि त्याऐवजी ‘काम’ हा शब्द सुचवला. वापर म्हटलं की बाई वस्तू ठरते. काम म्हटलं की ती कर्ती ठरते, तिच्या हक्कांबद्दल बोलता येतं. मराठी बातम्यांत अजूनही ‘देहविक्रय’ लिहितात. त्यावर या क्षेत्रातल्या संघटनांचा आक्षेप आहे की देह विकला जात नाही, तो त्या बाईचाच राहतो. मला हा आक्षेप पटतो.

तरी एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभेदी भाषा टाळण्यासाठी पुस्तिका काढली आणि तीत ‘सेक्स वर्कर’ हा पर्याय दिला. मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली: ज्यांना बळजबरीनं आणलं त्यांनी हे काम निवडलं असं या शब्दातून वाटतं. त्याच वर्षी तो पर्याय बदलून तस्करीतून वाचलेली, व्यावसायिक लैंगिक व्यवहारात असलेली किंवा त्यात ढकललेली स्त्री, अशी वेगवेगळी वर्णनं आली. इकडे सांगलीतल्या बायकांनी आपल्या संघटनेचं नाव ठेवलं ते ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. आपल्या कामाला त्या सरळ ‘धंदा’ म्हणतात.