प्रवेश-नियंत्रण, इलेक्ट्रॉनिक

इमारतीच्या किंवा तिच्यातील एखाद्या दालनाच्या दारातून कोणी, केव्हा आत जावे हे किल्लीऐवजी विद्युत् संकेतांच्या आधारे ठरवणारी आणि प्रत्येक प्रवेशाची नोंद ठेवणारी यंत्रणा. ओळखखूण (कार्ड, सांकेतिक अंक, बोटाचा ठसा), ती वाचणारा रीडर, परवानगीची यादी पाहून निर्णय करणारा नियंत्रक आणि विजेवर चालणारे कुलूप हे तिचे मुख्य घटक. किल्ली हरवली तर कुलूप बदलावे लागते. कार्ड हरवले तर यादीतून एक क्रमांक वगळला की पुरते.

उगम : या पद्धतीचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. हॉटेलांच्या कुलपांचा इतिहास प्रमाण मानणारे नॉर्वेच्या टॉर सॉर्नेस यांचे नाव घेतात. त्यांनी १९७० च्या दशकात भोके पाडलेल्या प्लॅस्टिक कार्डाने उघडणारे आणि नव्या पाहुण्यागणिक नवी रचना स्वीकारणारे कुलूप तयार केले. कार्डावर भोकांच्या ३२ जागा असल्याने सुमारे ४२९ कोटी रचना शक्य होत. मात्र ते कुलूप यांत्रिक होते, त्यामुळे त्याला इलेक्ट्रॉनिक पद्धतीचे पूर्वरूप म्हणणे अधिक योग्य. रेडिओ-ओळख तंत्राकडून (रेडिओ लहरींनी खूण दुरून वाचण्याच्या तंत्राकडून) पाहणारे अभ्यासक परावर्तित रेडिओ शक्तीने संदेश पाठवण्यासंबंधीच्या हॅरी स्टॉकमन यांच्या १९४८ मधील निबंधापर्यंत मागे जातात. १९७३ मध्ये अमेरिकेत दोन एकस्वे मंजूर झाली : जानेवारीत मारिओ कार्डुलो यांचे आणि ऑगस्टमध्ये चार्ल्स वॉल्टन यांचे. कार्डुलो यांच्या साधनात स्मृतीची सोय होती, म्हणून आजच्या रेडिओ-खुणेचे पितृत्व बहुधा त्यांना दिले जाते. पण त्यांच्यापुढे मुख्यतः रस्त्यावरील पथकराचा प्रश्न होता. वॉल्टन यांच्या कार्डात स्वतःची बॅटरी नव्हती. दाराजवळील रीडरला ते अनुस्पंदनाने (जुळत्या कंप्रतेला मिळणाऱ्या प्रतिसादाने) उत्तर देई आणि कुलूप उघडे. दारापुरते बोलायचे तर अग्रमान वॉल्टन यांच्याकडे जातो.

वीगंड : या क्षेत्रात एकाच नावाने तीन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली म्हणजे तार. कोबाल्ट, लोह व व्हॅनेडियम यांच्या मिश्रधातूची बारीक तार विशिष्ट रीतीने पिळली की तिचे बाह्य कवच चुंबकीयदृष्ट्या कठीण बनते आणि गाभा मऊ राहतो. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र पुरेसे बदलले की ध्रुवता एकाएकी उलटते आणि शेजारच्या वेटोळ्यात तीक्ष्ण विद्युत् स्पंद उमटतो. जॉन वीगंड यांनी हा परिणाम १९७० च्या दशकात उपयोगात आणला. कार्डात अशा तारांचे तुकडे दोन ओळींत बसवून क्रमांक कायमचा कोरला जाई. ती तार घडवणे अवघड असल्याने कार्डाची नक्कलही अवघड होती.

दुसरी गोष्ट रीडर व नियंत्रक यांमधील जोडणी. तीत एका तारेवरचा स्पंद म्हणजे ० आणि दुसरीवरचा १. तिसरी, २६ बिटांची मांडणी : आरंभी व शेवटी एकेक समता-बिट (चूक ओळखण्यासाठीचा), मध्ये ८ बिटांचा स्थळ-संकेत (इमारतीचा वा संस्थेचा क्रमांक) व १६ बिटांचा कार्ड क्रमांक. स्थळ-संकेत २५६ आणि प्रत्येकी क्रमांक ६५,५३६. सर्व मिळून सुमारे १ कोटी ६८ लाख. या खुल्या मांडणीतील क्रमांक वाटून देणारी मध्यवर्ती नोंदवही नसल्याने दोन इमारतींत हुबेहूब एकच क्रमांक सापडू शकतो.

तारेचे कार्ड मागे पडले, जोडणी मात्र टिकली, आणि खरा धोका तिथेच आहे. ती एकमार्गी असून तिच्यावरचा क्रमांक उघडा जातो. दाराबाहेरच्या रीडरमागे हात पोहोचला की तो टिपता येतो व पुन्हा पाठवता येतो. कार्ड कितीही भक्कम असले तरी हा दोष झाकला जात नाही. त्यावर उपाय म्हणून ओएसडीपी हा रीडर व नियंत्रक यांमधील दुमार्गी संदेशवहनाचा नियमसंच पुढे आला. त्यात १२८ बिटांच्या किल्लीच्या एईएस या प्रमाणित कूटबद्धतेची सोय आहे आणि २०२० मध्ये तो आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाचे मानक झाला. ही सोय मुद्दाम सुरू करावी लागते, हे विसरू नये.

कार्डे : १२५ किलोहर्ट्झची जुनी कार्डे बहुधा आपला क्रमांक कोणत्याही रीडरला सांगतात. १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांत गुप्त किल्लीने पडताळणी करता येते. त्यांपैकी मायफेअर क्लासिक या कार्डप्रकाराची ४८ बिटांच्या किल्लीची कूटपद्धती २००८ मध्ये नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी फोडली. ते संशोधन रोखण्याची उत्पादकाची मागणी तेथील न्यायालयाने फेटाळली.

कुलूप : वीज गेल्यावर दार उघडे राहावे की बंद, हे आधी ठरवावे लागते. विद्युत् चुंबकाचे कुलूप प्रवाह असेतोच धरते. १,२०० पौंड, म्हणजे सुमारे ५४० किग्रॅ. धारणशक्तीचा प्रकार सर्रास वापरला जातो. बाहेर पडण्याच्या मार्गावर असे कुलूप आगीच्या सूचनेसरशी सुटलेच पाहिजे. चोरी रोखण्यासाठी माणसे आत कोंडली जाणे कदापि क्षम्य नाही. दाराच्या चौकटीत बसणारा विजेचा खटका दोन्ही प्रकारे मिळतो. प्रवाह गेल्यावर बंद राहणाऱ्या प्रकारातही आतील मूठ फिरवून बाहेर पडता येईल अशी रचना ठेवतात.

एकाच्या कार्डावर दुसऱ्याने मागोमाग शिरणे यंत्रणेला सहसा कळत नाही. त्यासाठी फिरते अडसर किंवा एक बंद झाल्याखेरीज दुसरे न उघडणारी जोडदारे वापरतात. बाहेर पडल्याची नोंद नसलेले कार्ड पुन्हा आत न घेण्याचा नियमही लावतात.